धावपट्टीच्या टोकाला बाबा

मी गाडी चालवते असं सांगितलं की आमच्या यवतमाळात पुढचा प्रश्न ठरलेला असतो: स्कूलबस की टॅक्सी? शर्यतीची गाडी म्हटलं की लोक कौतुकानं सरसावून बसतात आणि विचारतात, किती लांब जाता? पाव मैल, म्हणते मी. लगेच समोरच्याचा चेहरा उतरतो. पाव मैल तर माणूस भाजी आणायला पायी जातो. सरळ रस्ता, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा लागला की सुटायचं आणि पाव मैलावरच्या रेषेवर आधी पोचायचं. वळण नाही, फेरा नाही, मागे पडलं तर सावरायला जागा नाही. गरम चहावर फुंकर मारेपर्यंत सगळा कारभार आटोपलेला असतो. हे लोकांना समजावण्यात माझा बराच जन्म गेला. आता मी टॅक्सी म्हणते आणि मोकळी होते.

हे खूळ मामाचं. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टरची, डिझेल पंपाची इंजिनं तिथं उघडी पडलेली असतात. हंगाम संपला की त्याचे हात शिवशिवायला लागत. असंच एका उन्हाळ्यात त्यानं एक जुनी छोटी गाडी आणली आणि तिचं इंजिन आतून इतकं बदललं की मूळ मालकानं आवाज ऐकला असता तर गाडी ओळखली नसती. अडचण एकच होती, मामाचं पोट. पाव मैलाच्या शर्यतीत वजन हा पहिला शत्रू. म्हणून मागची सीट काढतात, दारांची अस्तरं काढतात, स्टेपनी काढतात, आणि सगळं काढून झालं की उरतो चालवणारा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि पंख्याच्या वाऱ्यानं हलेन अशी होते. ज्या अंगकाठीपायी नातेवाइकांनी माझ्या लग्नाची चिंता वाहिली होती, तीच मामाच्या डोळ्यांत भरली.

"बस माय," मामा म्हणाला, "तुह्याइतकी हलकी पोरगी साऱ्या जिल्ह्यात सापडाची नाही."

बसले ती बसलेच. पुढं नागपूर, हैदराबाद, कोइम्बतूर, जिथं कुठं गाडी तयार करणाऱ्याला हलका ड्रायव्हर हवा असे, तिथून फोन येऊ लागले. माझं नाव विचारण्याआधी वजन विचारत. पण नुसत्या वजनावर कुणी दुसऱ्यांदा बोलवत नाही. माझी खरी कमाई म्हणजे सुटणं. रेषेवर गाडी लावली की समोरच्या खांबावर तीन पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. हिरवा दिसल्यावर जो निघाला तो उशिरा निघाला. शेवटच्या पिवळ्यावर पाय हलला पाहिजे, म्हणजे गाडी हलेपर्यंत हिरवा झालेला असतो. जरा आधी हलला तर लाल दिवा, आणि घरी. हे मला जमायचं. कसं जमायचं ते विचारू नका, मलाही ठाऊक नाही. एरवी मी अशी उतावळी आहे की आई माझ्या हाती उकळतं दूधही सोपवत नाही.

बाबांनी मला कधी नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. ते बांधकाम खात्यात होते. कुठं मोठा अपघात झाला की जाऊन रस्ता मोजायचा, टायरच्या खुणा पाहायच्या आणि धोक्याचा फलक कुठं लावायचा ते ठरवायचं, हे त्यांच्याकडे असे. वणीच्या रस्त्यावर, झरी जामणीकडच्या जंगलातल्या वळणांवर त्यांनी लावलेले फलक अजून उभे आहेत. आम्ही एसटीनं जाताना असा फलक आला की बाबा खिडकीतून तोंड फिरवून घेत. मी शर्यतीहून परत आले की ते मला एकदा डोक्यापासून पायापर्यंत पाहत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. शर्यत बघायला ते कधीच आले नाहीत, मी बोलावलंही नाही. घरात या विषयावर आम्ही दोघंही मांजराच्या पावलानं चालत असू.

बोलायची ती आई. तिशी उलटल्यावर ती रोज बोलू लागली, आणि तिचं काही चूक होतं असंही नाही. मी भाड्याची ड्रायव्हर होते. एका शर्यतीपुरतं बोलवायचं, झालं की नमस्कार. पुढचा फोन येईल की नाही ते देव जाणे. असं किती दिवस चालणार? शेवटी एका रात्री जेवताना मी वैतागून म्हणाले, "या हंगामात कुणी पक्कं घेतलं तर ठीक. नाहीतर सोडते आणि बँकेच्या परीक्षेला बसते, मग तर झालं?" आईनं लगेच दुसऱ्या दिवशी कळंबला जाऊन चिंतामणीपुढं हात जोडले. तिनं नेमकं काय मागितलं ते मी आजतागायत विचारलेलं नाही.

आणि त्याच हंगामात शर्यत आमच्या दारात आली.

नागपूरच्या काही हौशी मंडळींनी गावाबाहेरची धावपट्टी दोन दिवसांसाठी मिळवली. तिथं विमान क्वचित उतरतं, रोही मात्र रोज उतरतात. रोही म्हणजे पुस्तकातली नीलगाय. तुरीच्या, हरभऱ्याच्या शेतातून कळप निघतात आणि कुंपणाच्या फटीतून सरळ डांबरावर येऊन उभे राहतात. पुण्याच्या एका मोठ्या गॅरेजचे मालक मुद्दाम आले होते. त्यांच्या दोन गाड्या देशभर धावतात, आणि त्यातल्या एकीला पुढच्या हंगामासाठी ड्रायव्हर हवा होता. मी मामाचीच गाडी घेऊन उतरले होते. पहिल्या दिवसाच्या फेऱ्या पाहून त्यांनी दोघांना बाजूला घेतलं, मला आणि नागपूरच्या एका दाढीवाल्याला. म्हणाले, उद्या तुम्हीच दोघं अंतिम फेरीत याल असं दिसतंय. जो जिंकेल त्याला घेतो. दाढीवाला गोड हसला. मला हसू आलं नाही. मला त्या रात्री जेवणही गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी संयोजकांची पंचाईत झाली. शेवटच्या रेषेच्या पुढं, जिथून रोही आत शिरतात तिथं, झेंडी घेऊन उभा राहणारा माणूस आलाच नाही. जनावर दिसलं की लाल झेंडी वर करायची आणि झेंडी दिसली की दोन्ही गाड्यांनी पाय उचलायचा, एवढंच काम. पण दिवसभर उन्हात उभं राहणार कोण? मामा मला न विचारता म्हणाला, "आमचे भाऊजी हायेत ना. रस्त्याचं काम चालू असलं की दोन टोकाले दोन झेंड्या लावून ट्राफिक चालवाचे. त्याहीच्याइतकं कोणाले जमते?"

मी मामाला एका बाजूला ओढलं. "मामा, तुला कोणी सांगितलं होतं? त्यांना नाही बघवत हे."

"अवं, घरी बसून बीपी वाढवण्यापरीस इथं उभे राहतीन. अन् कायचं पाहणं? त्याहिले त जनावराकडं पाहाचं हाये."

मला वाटलं बाबा नाही म्हणतील. ते आले. डोक्याला पांढरा रुमाल, हातात पाण्याची बाटली, पायात निवृत्तीच्या दिवशी घातलेले बूट. झेंडी हातात घेऊन त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मला म्हणाले, "तू तिथं गाडीत बसून पाह्य. मी वर करतो. दिसते का सांग." मी गाडीत बसले. दूर बाबा झेंडी घेऊन ताठ उभे होते, आणि झेंडी स्पष्ट दिसत होती. मी हात बाहेर काढून हलवला. त्यांनी झेंडी खाली घेतली. इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल आमच्यात झालेलं हे पहिलं बोलणं.

स्पर्धकाचा बाप झेंडीवर, याला तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. टोकाला उभ्या माणसाचा निकालाशी काय संबंध? उलट अकराच्या सुमारास दुसऱ्याच कुणाच्या फेरीत दोन रोही खरोखर आत आल्या. झेंडी तत्काळ वर गेली, दोन्ही गाड्या थांबल्या, आणि ती फेरी पुन्हा घेतली गेली. संयोजकांनी लाउडस्पीकरवरून बाबांचे आभार मानले. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. चार लोकांना सांगितलंही, ते माझे वडील.

माझ्या फेऱ्या एकेक करून पार पडत गेल्या. त्या फेऱ्यांत मी बाबांकडे पाहिलं नाही. रेषा ओलांडून पुढं जाताना ते डोळ्याच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका होते, बस. एवढं मात्र लक्षात आलं की दर फेरीनंतर ते रस्त्याकडे पाठ करून थोडा वेळ उभे राहत. ऊन लागत असेल असं मला वाटलं.

अंतिम फेरीला ऊन कललं होतं. मामानं टायरची हवा स्वतः पाहिली, दोनदा पाहिली आणि तिसऱ्यांदा वाकला तेव्हा मी त्याला हाकलून दिलं. हेल्मेट घातलं की बाहेरचा आवाज जातो आणि आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो. पुढची चाकं पाण्यात भिजवून जागेवर फिरवली, रबर तापलं, काचेवर धूर आला आणि गेला. शेजारी दाढीवाला. दोघांनी गाड्या रेषेवर सरकवल्या. त्या क्षणी मी काय विचार करत होते ते मला स्वच्छ आठवतं: हे गेलं तर माझ्याकडे काही नाही. बँकेच्या खिडकीमागं बसलेली मी मला दिसत होते, आणि ती बाई मला अजिबात आवडली नाही.

पिवळा. पिवळा. पिवळा, आणि मी सुटले.

तसं सुटणं मला पुन्हा साधलेलं नाही. शेजारची गाडी दारापर्यंतही आली नाही. दुसरा गिअर, तिसरा गिअर, इंजिन तक्रार न करता ओढत होतं. रेषा समोर येत होती आणि मला कळलं होतं की मी जिंकले आहे. शर्यतीत हे आधीच कळतं. तेवढ्यात लाल झेंडी वर गेली.

मी पाय उचलला. विचार करून नाही, पाय उचलला गेला. दुसरा कुणी तिथं उभा असता तरी तो असाच उचलला गेला असता का, याची मी खात्री देऊ शकत नाही. पण तो माणूस उगाच झेंडी वर करणारा नव्हता. माझ्या बाजूनं गरम वारा सोडत दाढीवाला पुढं गेला, रेषा ओलांडून गेला. मी ब्रेक दाबत दोन्ही बाजूंना पाहत होते, आता कुठून उडी पडते म्हणून. डांबर रिकामं होतं. कुंपण रिकामं होतं. तुरीच्या वाळलेल्या काड्या हलत होत्या, तेवढंच. मी बाबांच्या पुढं जाऊन थांबले आणि आरशात पाहिलं. झेंडी अजून वरच होती.

मग व्हायचा तो गोंधळ झाला. झेंडी दिसली नाही, सूर्य डोळ्यांवर होता, असं दाढीवाल्यानं सांगितलं. मी त्याच्या जागी असते तर मीही हेच सांगितलं असतं. मामा म्हणाला, जनावर आलं तर फेरी रद्द, सकाळी झालं तसंच आता. दाढीवाल्याची माणसं म्हणाली, झेंडीवाला कोण आहे? तिचा बाप. जनावर असेल तर पुन्हा धावू, आम्ही घाबरत नाही. पण नसेल, आणि बापाच्या हातून चूक झाली असेल, तर ती आम्ही का भोगायची? संयोजकांना हे पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. टोकाला बाबांशिवाय कुणी नव्हतं. लोकांच्या मोबाइलमध्ये सगळं सुरुवातीचंच, धूर आणि धूर. म्हणजे सगळं बाबांच्या एका शब्दावर आलं.

त्यांना जीपमधून आणलं. रुमाल हातात होता, चेहरा उन्हानं काळवंडला होता. मामा त्यांना सामोरा गेला आणि पाणी देण्याच्या निमित्तानं कानाशी पुटपुटला. मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. "भाऊजी, रोही होती म्हणा. फक्त होती म्हणा."

मी मान हलवून मामाला थांबवू शकले असते. नाही हलवली. माझ्या मनात त्या वेळी एकच होतं, म्हणा, बाबा, म्हणून टाका.

संयोजकांनी विचारलं, "काका, जनावर आलं होतं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीसारखं, डोक्यापासून पायापर्यंत.

"नाही," ते म्हणाले. "काहीच नव्हतं. माह्याच हातून वर झाली."

मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि बऱ्याच टाळ्या झाल्या. संयोजक म्हणाले, अशी माणसं आता राहिली नाहीत. पुण्याचे मालक पुढं आले, बाबांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, तुमच्यासारख्या माणसाला भेटून धन्य वाटलं. आणि मग जाऊन त्यांनी दाढीवाल्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, वाईट वाटल्याची. मला त्या धन्य वाटण्याचा इतका संताप आला की मी काढलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं.

शर्यतीची गाडी मामानं टेम्पोवर चढवली. मी बाबांना त्यांच्या गाडीतून घरी नेत होते. ते शेजारी बसले होते, बेल्ट लावून, मांडीवर रिकामी बाटली. लोहारा आला आणि मला राहवलं नाही.

"झालं ना तुमच्या मनासारखं? आता सोडते मी. आईला शब्द दिलाय."

बाबांनी मांडीवरची बाटली पायाशी ठेवली.

"एक रोही, बाबा. एवढ्या रोही आहेत तिथं. एक जास्तीची सांगितली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? लोकांनी टाळ्या वाजवल्या, खूप खरं बोललात. माझं काय?"

"मी खऱ्यासाठी नाही बोललो," बाबा म्हणाले.

मी गाडी कडेला घेतली. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न मारला, तो शिव्या देत निघून गेला.

बाबा समोर काचेतून पाहत बोलत होते. "दिवसभर मी कुंपणाकडं पाह्यलं. तुही गाडी आली की तर मुद्दाम तिकडंच पाह्यलं. या टायमाले आवाज लई मोठा आला, अन् मी वळलो. तू समोरून माह्याचकडं येऊन राह्यली होती. कशी येऊन राह्यली होती ते तुले नाही मालूम, तू आत असतं. मी किती रस्त्याहिवर गेलो, सारं झाल्यावर गेलो. होताना कधी पाह्यलं नव्हतं. हात कवा वर गेला मले समजलं नाही."

"ठीक आहे, गेला हात. पण मग विचारल्यावर..."

"रोही म्हटलं असतं त तू पुन्हा आली असती," ते म्हणाले. "त्याच रस्त्यानं. अन् मले पुन्हा तिथंच उभं केलं असतं. मले दुसऱ्यांदा पाह्यनं झालं नसतं. म्हणून नाही म्हटलं. लोक काही का समजत."

मी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. मला राग आला होता, तो तसाच होता, एका इंचानंही कमी झाला नव्हता. आणि त्याच वेळी मला रडू येत होतं. इतकी वर्षं मी समजत होते की या माणसाला माझं काम नुसतं आवडत नाही.

"तू सोडू नको," बाबा म्हणाले. "मले पाहवत नाही, तो माह्या जिवाचा दोष हाये. त्याच्यापायी तू कायले सोडून राह्यली?"

मी गाडी सुरू केली.

घरी आई दारातच होती. मामानं फोनवर अर्धं सांगितलं असावं, कारण तिनं जिंकलीस का असं विचारलं नाही. बाबांनी बूट काढता काढता सांगितलं, "हरली. माह्यापायी हरली." आणि हातपाय धुवायला आत गेले. आई माझ्याकडे पाहत राहिली. जेवताना दिलेला शब्द तिला आठवत होता, मलाही आठवत होता.

"पुढच्या महिन्यात कोइम्बतूरला एक शर्यत आहे," मी म्हणाले. "एका गॅरेजनं बोलावलंय. एकाच शर्यतीपुरतं."

"अन् बँकेचं?" आई म्हणाली. "काय बोलली होती तू?"

आत नळाचं पाणी पडत होतं, ते बंद झालं.

"जाऊ दे तिले," आतून बाबा म्हणाले. "मी नाही येत."